सांधेवाल्याचे दोन कान

धुळ्याची गाडी मेन लाइनपासून फुटते, त्या चाळीसगाव जंक्शनात आमचे आजोबा सांधेवाले होते. रूळ बदलायचे, कंदील दाखवायचा आणि गाडी सुखरूप पुढे गेली की मगच तंबाखू मळायची. मी ऐकलं ते सगळं उन्हाळ्याच्या सुटीत, अंगणातल्या बाजेवर. मोठी माय, म्हणजे आजी, कळण्याची भाकरी नि ठेचा वाढता वाढता त्यांच्या गोष्टी दुरुस्त करायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एका जिनिंगवाल्या शेठजींकडे रेडिओ होता. दिवेलागणीनंतर त्यांच्या ओट्यावर माणसं जमत. आजोबा म्हणत, आठ-दहा जण असू. माय म्हणायची, गाव लोटायचं. एके रात्री त्या खरखरीतून बाईमाणसाचा आवाज आला, स्वच्छ मराठीत. आजोबा घरी येऊन म्हणाले, "भो, लंडनमा बठीसन बाई मराठी बोली राहिनी!" मायला ते खरं वाटलं नाही. इतक्या लांबून बोलायचं तर किती ओरडावं लागत असेल, अशी तिला त्या बाईची काळजी वाटली.

लंडन तसं आमच्या गावाला अगदीच परकं नव्हतं. इंग्लंडात शिकून आलेले केकी मूस, म्हणजे गावाचे बाबूजी, स्टेशनजवळच्याच घरात राहत. त्या घरात त्यांनी स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षं कोंडून घेतलं आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंमधून जगभर नावाजलेली छायाचित्रं काढली. पण ती गोष्ट वेगळी. आठवली की मी अशी वाट सोडतो.

रेडिओवरच्या त्या आवाजामागचं नाव मला फार उशिरा, पुस्तकांतून कळलं. बीबीसीची मराठी प्रक्षेपणं मार्च १९४२ मध्ये सुरू झाली. युद्धाचा आठवड्याचा आढावा इंग्रजीत लिहायचे जॉर्ज ऑर्वेल, त्याचं मराठी करायचे कोठारी आणि वाचायच्या वेणू चितळे. कुठली आघाडी का कोसळली, कुणाच्या हाती तेल आहे, कुठलं बंदर गेलं की कुणाची वाट अडते, असा तो मजकूर. आज टीव्हीवर संरक्षणतज्ज्ञ बसतात. तेव्हा ते काम कोल्हापूरकडची एक तिशीची मुलगी, बॉम्ब झेललेल्या लंडनमध्ये बसून, आपल्या आवाजानं करत होती. आजोबांनी ऐकलेली बाई तीच, असं मी मनाशी धरून चाललो आहे.

त्याच मार्चच्या ८ तारखेला रंगून पडलं. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. आमच्याकडे दादर ज्वारीची भाकरी होती म्हणून निभावलं, असं माय सांगायची. सणाच्या भाताला मात्र तिनं वर्षभर हात आखडला.

ओट्यावर आणखी एक आवाज यायचा, पण तेव्हा दारं लोटून घेत. बर्लिनहून सुभाषबाबू बोलत. लंडन एक सांगे, बर्लिन दुसरं. ऑगस्टमध्ये गांधीजींना धरलं, मग मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. तो नोव्हेंबरात पोलिसांनी पकडला. आमच्या ओट्यावर तो लागला होता का, यावर आजोबा दर वर्षी वेगळं सांगत.

खरं कुणाचं धरायचं, असं लोक त्यांना विचारत. ते म्हणत, "रूळ सांगतीन." भुसावळकडे मिलिटरी स्पेशल किती गेल्या, जखमी घेऊन किती परत आल्या, कोणत्या डब्यांना ताडपत्री होती, हे ते कंदील धरून मोजत. रेडिओनं सगळं आलबेल सांगितलं आणि रात्रभर गाड्या पूर्वेकडे धावल्या, की ते समजून जात. चौथी शिकलेला माणूस. पण ऐकलेलं आणि पाहिलेलं शेजारी ठेवून बघायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

ऑर्वेलनी १९४३ मध्ये बीबीसीची नोकरी सोडली. आपल्या कामातून काही निष्पन्न होत नाही, वेळ आणि सरकारी पैसा वाया जातो, असं त्यांनी राजीनाम्यात लिहिलं. ते वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. वेणूताई पुढे मायदेशी परतल्या, १९५० मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही कादंबरी आली. बीबीसीचा तो मराठी आवाजही १९५८ मध्ये बंद झाला. चाळीसगावातल्या ओट्यावर मान वाकडी करून बसलेला एक सांधेवाला ऑर्वेल आणि वेणूताई, दोघांनाही कधी दिसला नाही. मला वाटतं, कुणीतरी त्यांना कळवायला हवं होतं.

म्हातारपणी आजोबांकडे चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर होता. बातम्या चालू असताना लांबून मालगाडीचा आवाज आला, की ते ट्रान्झिस्टरचा आवाज कमी करत आणि बोटांवर डबे मोजत. शेवटचा डबा गेला, की पुन्हा आवाज वाढवत.