अंगणापर्यंत गेलेली शाळा

महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात महाविद्यालये, विद्यालये व वसतिगृहे यांची नोंद ठळक अक्षरांत झालेली आहे. परंतु अडीच-तीन वर्षांच्या बालकांसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांची ओळख समाजाला त्या मानाने अल्पच आहे. आज गावोगावी आणि गल्लोगल्ली बालवर्ग दिसतात. त्यांच्या दारावर रंगीत चित्रे असतात, आत छोटी बाके असतात आणि तीन वर्षांच्या बालकाच्या पाठीवर दप्तरही असते. या व्यवस्थेचा उगम कोठे झाला व तिच्या प्रवर्तकांचा मूळ हेतू काय होता, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

बीज परदेशी, माती आपली

शिशुशिक्षणाचा स्वतंत्र विचार प्रथम युरोपात रुजला. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांचा बगीचा, असे नाव दिले. मूल हे रोपटे आणि शिक्षक हा माळी, ही त्यामागील भावना होती. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडले. योग्य साधने हाती दिली आणि मोठ्यांनी ढवळाढवळ कमी केली, तर लहान मूल आपण होऊन शिकते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले.

हा विचार आपल्याकडे रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने गिजुभाई बधेका यांना जाते. १८८५ साली सौराष्ट्रात जन्मलेले गिजुभाई व्यवसायाने वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले, वकिलीचा त्याग करून १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मारपीट, धाकदपटशा आणि घोकंपट्टी यांना तेथे स्थान नव्हते. गोष्ट, गाणे, नाट्य, चित्र आणि बागकाम हेच तेथील पाठ होते. भरघोस मिशा असलेल्या या गृहस्थांना गुजरातने प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, ही पदवी दिली. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले.

ताराबाईंचा प्रवास

याच बालमंदिरात गिजुभाईंना एक समर्थ मराठी सहकारी लाभल्या, त्या म्हणजे ताराबाई मोडक. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर होत्या. त्या काळी पदवीधर स्त्री हेच अप्रूप होते आणि अशी विदुषी शिशुवर्गात रमते याचे अनेकांना नवल वाटे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत १९३६ साली शिशुविहार सुरू केला. गुजरातीत रुजलेला हा विचार त्यांनी लेखणीद्वारेही मराठी घरांत पोहोचविला. गुजराती आणि मराठी या दोन भगिनीभाषांनी मिळून केलेले हे कार्य आहे, याचा दोन्ही भाषकांना सारखाच अभिमान वाटावा.

परंतु दादरच्या यशाने ताराबाईंचे समाधान झाले नाही. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती व त्यांचा लाभ सुखवस्तू घरांतील मुलांनाच मिळत होता. खेड्यातील, मजुरांच्या आणि दलितांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करीत होता. याच सुमारास महात्मा गांधींनीही नई तालीमचा विचार अगदी लहान मुलांपर्यंत विस्तारला होता. अखेर १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील हे गाव आता पालघर जिल्ह्यात येते.

तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. परंतु त्या खचल्या नाहीत. शिक्षण घेऊन त्यांनी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत अध्यापन केले आणि त्यानंतरचे उर्वरित आयुष्य त्यांनी या कार्याला अर्पण केले.

मुले येत नाहीत, तर शाळा जाईल

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, ती दलित वस्तीतील मुले तेथे येईनात. आईबाप दिवसभर कामावर असत. मुलांना न्हाऊमाखू घालून वेळेवर पाठविणार कोण? त्याखेरीज जातिभेदाची भिंत होतीच. अशा वेळी मुलांना वा पालकांना बोल लावणे सोपे होते. ताराबाईंनी मात्र वेगळा निर्णय घेतला. मुले शाळेपर्यंत येत नसतील, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे! शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. प्रथम मुलांची स्वच्छता, नंतर गाणे-गोष्टी आणि मग पाठ असा क्रम ठरला. यालाच अंगण बालवाडी म्हणू लागले. ‘अंगणवाडी’ हा आज सर्वतोमुखी असलेला शब्द याच कल्पनेशी नाते सांगतो.

महागड्या साधनांचा प्रश्नही अंगणानेच सोडविला. शंख, शिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबू ही सारी शैक्षणिक साधने झाली. शिंपल्यांनी मोजणी झाली आणि बियांनी लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत यांची ओळख झाली.

विषय एक, पाठ अनेक

या शिक्षणाचे मर्म असे, की बालकाच्या अनुभवातील एखादा विषय घ्यावा आणि सारे पाठ त्याभोवती गुंफावेत. ‘पाऊस’ हा विषय घेतला, तर पावसाचे गाणे म्हटले की भाषा आली. पागोळ्याखाली ठेवलेली वाटी किती वेळात भरते ते पाहिले की विज्ञान आले. डबक्यातील बेडूक मोजले की गणित आले. चिखलाची भांडी केली की हस्तकौशल्य आले आणि चार मुलांनी एका इरल्याखाली चालून पाहिले की समाजशिक्षणही झाले. मुलाला मात्र आपण शिकत आहोत याचा भारही जाणवत नाही.

येथे शिक्षिकेची भूमिका फार नाजूक असते. तिने पुढे ओढू नये आणि एकटेही सोडू नये. मूल अडखळले, तर उत्तर न सांगता नवा प्रश्न विचारावा. मूल रडले, तर धाक न दाखविता कारण शोधावे. अशा मार्गदर्शनासाठी दीर्घ प्रशिक्षण व अपार संयम लागतो. म्हणूनच या कार्यकर्त्यांनी बालवाड्यांइतकेच महत्त्व शिक्षिकांच्या प्रशिक्षणास दिले.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. येथे प्रश्न वारली आदिवासींच्या मुलांचा होता. मोठी मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा का येत नाही, तर तो गुरे राखतो. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ साकारली. गुराख्यांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा निघाली. अडचणीकडे सबब म्हणून न पाहता तिच्यातूनच मार्ग काढावा, हीच या संस्थेची रीत होती.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण किताब लाभला व १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके ही ज्योत तेवत ठेवली. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली होती. आज देशात सुमारे १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिक्षणावर भर दिला आहे. बोर्डीच्या अंगणात जे रुजले, त्याला शासनमान्यता मिळण्यास इतका दीर्घ काळ लागला.

समाजासाठी हिशेब

या इतिहासातून समाजाने आणि समाजाच्या संस्थांनी काय घ्यावे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी बालकाची व पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली. तरीही चार वर्षांच्या मुलाला घरी आल्यावर रेघारेघांच्या वहीत अक्षरे गिरवावी लागतात, शेजारच्या मुलाशी त्याची तुलना होते आणि मागे पडल्याचा शिक्का त्याच्यावर बालवयातच बसतो. हे पाप शाळेचे एकटीचे नाही. ‘अजून लिहायला का शिकविले नाही?’ असे विचारणाऱ्या पालकांचाही त्यात वाटा आहे.

बालमंदिरासाठी दान देताना दात्याची दृष्टी सहसा इमारतीकडे जाते, कारण इमारतीला पाटी लावता येते. शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला आणि तिच्या सन्मानपूर्वक वेतनाला पाटी लावता येत नाही, म्हणून त्यासाठी हात आखडतो. बोर्डीचा जमाखर्च मांडला, तर भांडवलाच्या बाजूला शंख-शिंपले आणि दोन निष्ठावान स्त्रिया एवढेच दिसेल. त्यावर मिळालेला लाभ मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरणारा आहे. उद्या कोणी दाता बालमंदिरासाठी पुढे आला, तर त्याने खोल्या किती बांधायच्या हे अवश्य विचारावे. पण त्याआधी, त्या खोल्यांत मुलांसमवेत जमिनीवर बसणार कोण, हे विचारावे.