विजयाचे वजन

१९७४ च्या मार्च महिन्यात बंगळूर येथे रणजी करंडक स्पर्धेचा उपांत्य सामना सुरू झाला, तेव्हा एका बाजूस मुंबईचा संघ उभा होता. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे हा करंडक त्याने दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिला नव्हता. दुसऱ्या बाजूस कर्नाटकाचा संघ होता. म्हैसूर राज्याचे नामांतर होऊन पुरते सहा महिनेही लोटले नव्हते, आणि म्हैसूर या जुन्या नावाने खेळताना या संघाला विजेतेपद एकदाही लाभले नव्हते. १९४१-४२ व १९५९-६० या दोन्ही साली तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. दोन्ही वेळा मुंबईनेच त्याला परत पाठविले. मागचा हिशेब पाहता या सामन्याचा निकाल जणू आधीच लिहून ठेवलेला होता. परंतु तो हिशेब मांडला कसा गेला होता, हे पाहणे उद्बोधक आहे.

भारतासारख्या विस्तीर्ण देशात प्रत्येक संघाने प्रत्येक संघाशी खेळावे, हे शक्य नव्हते. म्हणून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य असे पाच विभाग करण्यात आले होते. १९५७-५८ पासून विभागांतर्गत सामने साखळी पद्धतीने होऊ लागले आणि विभागाचा विजेता तेवढा पुढील बाद फेरीत जाई. व्यवस्था सोयीची होती. पण तीत एक गृहीत दडलेले होते. पाचही विभागांतील पहिला क्रमांक सारख्याच मोलाचा आहे, असे ते गृहीत होय.

प्रत्यक्षात तसे नव्हते. पश्चिम विभागात मुंबईखेरीज महाराष्ट्र, बडोदे, गुजरात व सौराष्ट्र हे संघ होते. त्यांपैकी महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला होता. बडोद्याने १९५७-५८ पर्यंत चार वेळा. म्हणजे देशातील माजी विजेते एकाच दारात दाटीने उभे होते आणि दार एकालाच उघडत होते. १९५८-५९ ते १९६९-७० या बारा वर्षांत ते दार दर वेळी मुंबईने अडविले. पुण्याच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या खेळाडूंची एक पिढी विभागातील दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच मावळली. दुसऱ्या एखाद्या विभागात त्यांचे स्थान काय असते, हे गुणतक्ता सांगू शकत नव्हता.

१९७०-७१ साली नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात मुंबईसमोर कोण आले? महाराष्ट्र! मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर हे मोहरे त्या वेळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने करंडक राखला. पण विभागातला दुसरा संघ देशातलाही दुसरा असू शकतो, हे त्या एका सामन्याने दाखवून दिले.

हा पेच एकट्या भारताचा नव्हे. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये वरिष्ठ श्रेणीतच शंभरावर संघ असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एका हंगामात डझनभर सामने येतात. बहुतेक संघ एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून १९३६ पासून तेथे पत्रकारांच्या मतांवरून क्रमवारी लावण्याची प्रथा रूढ झाली. १९९८ साली गणकयंत्रांचीही मदत घेण्यात आली आणि प्रतिस्पर्ध्यांच्या बळाला सूत्रात स्वतंत्र स्थान मिळाले. प्रतिस्पर्ध्यांच्या जयापजयाला दोन-तृतीयांश आणि त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांच्या जयापजयाला एक-तृतीयांश वजन देण्यात येई. विजय मोजावेतच, पण ते कोणावर मिळविले हेही तोलावे, हा त्यामागील विचार होता. तरीही वाद मिटले नाहीत. सूत्र कितीही सूक्ष्म असले, तरी न खेळलेला सामना त्याला खेळता येत नाही.

बंगळूरला तो सामना खेळला गेला. दक्षिण विभागात हैदराबाद, तामिळनाडू, केरळ व आंध्र यांच्याशी झुंजून आलेल्या कर्नाटकाचे बळ पश्चिमेच्या तराजूत पडले. विश्वनाथ यांनी १६२ व ब्रिजेश पटेल यांनी १०६ धावा केल्या आणि कर्नाटकाचा पहिला डाव ३८५ वर पोहोचला. उत्तरादाखल मुंबई खेळू लागली. कर्णधार प्रसन्ना यांच्या फिरकीने गावसकर त्रिफळाचीत झाले. वाडेकर जम बसलेला असताना धाव घेताना पाय घसरून धावचीत झाले. मुंबईचा डाव ३०७ धावांत आटोपला. सामना अनिर्णित राहिला. पण पहिल्या डावातील ७८ धावांच्या आघाडीवर कर्नाटक पुढे गेले. जयपूरला राजस्थानला हरवून त्याने पहिल्यांदा करंडक घरी नेला. १९३४ साली चेपॉकवर, या स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात, ४८ व ५९ धावांत बाद होऊन एका दिवसात हरलेल्या संघाची ही वाटचाल होती.

मुंबई मात्र संपली नाही. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात तिने याच कर्नाटकाला नमविले. एका घसरलेल्या पावलाने पंधरा वर्षांचे कर्तृत्व खोटे ठरत नाही, तसे पंधरा वर्षांच्या कर्तृत्वाने सोळावे वर्षही आपले होत नाही.

२००२-०३ मध्ये विभागपद्धती रद्द झाली आणि बलाबल पाहून वरची व खालची अशा दोन श्रेणी आल्या. तेथेही खेळाने कागदाला चकविले. २०१०-११ साली खालच्या श्रेणीतून आलेल्या राजस्थानने करंडक जिंकला. २०१७-१८ मध्ये विदर्भाने उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरविले आणि मग पहिलेच विजेतेपद पटकावले. क्रमवारी आवश्यक आहे. तिच्यावाचून स्पर्धा उभी राहत नाही. मात्र ती तयार करणाऱ्यांनी दाराबाहेर थांबलेल्या संघांचीही आठवण ठेवावी, एवढे या इतिहासाचे मागणे आहे.