‘अम्र’ या नामातील अनुच्चारित वाव

‘अम्र’ हे अरबी पुरुषनाम ऐन, मीम, रे या तीन व्यंजनांनी लिहून त्यापुढे एक वाव जोडतात. उच्चारात मात्र त्या वावाचा मागमूस नाही. जगणे, वस्ती करणे, वसविणे हा या धातूचा अर्थविस्तार होय. मराठीत रुळलेले ‘उमर’ (वय) व ‘इमारत’ हे शब्द याच धातूचे असून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. ‘अम्र’ म्हणजे आयुष्य; ‘लअम्री’, म्हणजे माझ्या जिवाची शपथ, या जुन्या प्रयोगात तो अर्थ शाबूत आहे.

वैयाकरणांची उपपत्ति अशी : ‘उमर’ हे नावही त्याच तीन व्यंजनांनी लिहिले जाते आणि स्वरचिन्हे सहसा देत नाहीत, म्हणून भेद दर्शविण्यासाठी अम्रला वाव दिला. ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही. दुसरे खलीफा उमर (६३४–६४४) यांच्याच कारकीर्दीत अम्र इब्न अल-आस याने मिसर जिंकले. वाव गळाला, तर खलीफा आणि सेनापती कागदावर एकच होतात! नियमही काटेकोर आहे. द्वितीयेत ‘अम्रन्’ असे रूप होऊन शेवटी अलिफ येतो, उमरला तो येत नाही. तेथे भेद आपोआप होतो आणि वाव लिहीत नाहीत. ‘जैदने अम्रला मारले’ या पाठ्यवाक्यात, आपल्या देवदत्तासारखाच सदैव हजर असलेला हा बिचारा अम्र, पिढ्यान्‌पिढ्या वावाविनाच मार खात आला आहे.

तथापि, या उपपत्तीने वाव का टिकला ते कळते. तो आला कोठून, ते कळत नाही. दक्षिण सीरियातील नमारा येथे १९०१ मध्ये सापडलेला इ. स. ३२८ चा शिलालेख नबाती लिपीत, पण अरबी भाषेत आहे. त्यात इम्रुउल्-कैस याच्या पित्याचे ‘अम्र’ हे नाव वावासह कोरलेले आहे. अरबी व्याकरणाचा आद्य ग्रंथकार सीबवैहि हा आठव्या शतकातील; म्हणजे वाव त्याच्याहून चारशे वर्षांनी जुना. शिवाय त्याच लेखात निजार, मअद्द या कुलनामांनाही वाव आहे, आणि त्यांची ‘उमर’शी गल्लत होण्याचा प्रश्नच नाही. अर्थात् विशेषनामांना वाव जोडणे ही नबाती लेखकांची सर्वसाधारण रीत होती. पुढे इतर नावांनी तो टाकला. अम्रला तो उपयोगी पडला, म्हणून राहिला.

गिबनने आपल्या इतिहासात या सेनापतीचे नाव ‘अम्रू’ असे दिले आहे. मराठीत ‘अम्र’ लिहिणेच युक्त होय.