वारुळावरची अळंबी

मृगाचा पाऊस होऊन जमीन चांगली मुरली, की आषाढ-श्रावणात कोकणातल्या आणि गोव्यातल्या बाजारांत हिरव्या पानांवर पांढऱ्याशुभ्र अळंब्या मांडून बायका बसलेल्या दिसतात. एरवी भावावरून हुज्जत घालणारे गिऱ्हाईक इथे आधी विचारते, "मावशी, कुठली हो ही?" मावशी म्हणते, "वारुळावरची." तेवढ्यावर त्याचे समाधान होते. वाचकहो, या एवढ्याशा सवालजबाबामागे मोठा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

भूछत्रांविषयी आपले पूर्वज एकमताचे नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. तीत लसूण आणि कांदा यांच्या पंगतीला 'कवक'ही बसवले आहे. कांदा-लसणीचे पुढे काय झाले ते आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊकच आहे! सुश्रुताची दृष्टी मात्र वैद्याची. त्याने अशा उगवणाऱ्या भाज्यांचे वर्ग पाडले ते त्या कशावर उगवतात त्यावरून: पेंढ्यावरच्या, उसावरच्या, शेणावरच्या, बांबूवरच्या आणि जमिनीतल्या. म्हणजे मावशीला विचारलेला "कुठली हो?" हा प्रश्न चांगला जुना आहे.

पण रूप पाहून ओळखायला काय हरकत आहे, असे तुम्ही म्हणाल. हरकत आहे, आणि ती जिवावरची आहे. चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, किड्यांनी कुरतडलेली असली तर बिनविषारी, असे ठोकताळे पुष्कळ ठिकाणी सांगतात. ते सारे खोटे आहेत. माणसाला मारणारी छत्री गोगलगाय खुशाल खाते. पावसात कुरणात, अंगणात उगवणारी एक मोठी पांढरी छत्री दिसायला फार देखणी असते. कळी असताना तिच्या टोपीखालचे पडदे पांढरेच असतात. हिरवट होतात ते मागाहून. ती पोटात गेली, की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. काही जाती याहून वाईट. त्यांचे विष शिजवून जात नाही, आणि त्याची पहिली चिन्हे दिसायलाच सहा ते चोवीस तास लागतात. तोवर यकृताला इजा होऊ लागलेली असते.

मग वारुळावरच्या अळंबीवरच एवढा भरवसा का? याचे उत्तर शास्त्राला सापडायला वेळ लागला. लिनीअसचा शिष्य योहान कोनिग हा तमिळ देशात तरंगमपाडीला डॅनिश मिशनचा वैद्य म्हणून आला होता. त्याने तंजावर भागातली वारुळे उकलून पाहिली आणि आतल्या बुरशीची नोंद 1779 साली प्रसिद्ध केली. पुढे 1942 साली रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाळवीच्या या सोबतिणींना 'टर्मिटोमायसिस' असे वेगळे कुलनाव दिले. 1979 साली नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका जातीला हाइमचेच नाव देऊन त्याचे ऋण फेडले.

आतला कारभार असा. वाळवी वाळके लाकूड, पाला खाऊन वारुळात आणते आणि त्याची मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र पोळी रचते. तीवर ही बुरशी वाढते. वाळवीचे अन्न तेच. पावसाळ्यात त्या पोळीतून लांब मुळासारखा दांडा वर चढतो आणि टोकदार टोपीने माती फोडून बाहेर येतो. म्हणून जाणकार माणूस अळंबी मोडून घेत नाही. हळूच उपसून लांब मूळ खाली गेले आहे की नाही ते बघतो. मात्र वारुळाजवळ उगवलेली प्रत्येक छत्री वारुळाचीच असते असे नाही, हे विसरू नका. ज्याने वर्षानुवर्षे त्याच रानात अळंब्या काढल्या आहेत, त्याने ओळखून दिल्याशिवाय एकही चुलीवर चढवू नये.

माणसाला या अळंबीची व्यापारी शेती अजून साधलेली नाही. वाळवीला ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच साधली. बहुतेक जातींत नवी वसाहत थाटणारी वाळवी बुरशीचे बी बाहेरून गोळा करून आणते, आणि हे बी पडते ते उमललेल्या छत्रीतून. बाजारात मोल कळ्यांना जास्त, म्हणून सगळ्याच कळ्या खुडल्या तर नव्या वारुळाला बी मिळायचे कोठून? आणि बागेसाठी, घरासाठी वारूळच सपाट केले तर बोलणेच संपले.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. नागपंचमीला घाटावरही बायाबापड्या वारुळाला दूध-लाह्या वाहतात. त्या पूजेने कितीतरी वारुळे कुदळीपासून वाचवली. तेव्हा यंदा अळंबीचे कालवण पानात पडले, तर मावशीला आणखी एक प्रश्न विचारा: "चार उमलायला ठेवल्यात ना?"