कॅल्शियमच्या लाटेची कुळकथा

मेंदूत चेतापेशींना धरून ठेवणारा एक डिंक असतो, असं रुडॉल्फ फिरखो यांनी 1856 मध्ये लिहिलं. त्यानंतर शंभरेक वर्षं त्या डिंकातल्या पेशींचं म्हणणं फारसं कुणी ऐकलं नाही. ऐकायला गेले, त्यांनाही काही ऐकू आलं नसतं. सगळी भिस्त इलेक्ट्रोडवर होती, आणि चांदणीसारख्या फांद्यांची तारकापेशी, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, चेतापेशीसारखे विजेचे झटके देतच नाही.

तिचं बोलणं उघड केलं ते रंगाने. कॅल्शियमला बिलगलं की चमकणारी द्रव्यं रॉजर त्सिएन यांनी 1980 च्या दशकात घडवली. त्यातलं फ्लुओ-3 हे 1989 चं. (त्यांना 2008 चं नोबेल मिळालं ते हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी. माझ्या मते ही रंगद्रव्यंही त्याच तोलाची.) पुढच्याच वर्षी येल विद्यापीठात ॲन कॉर्नेल-बेल, स्टीफन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी बशीत वाढवलेल्या तारकापेशींवर ग्लुटामेट हे चेतापेशींचं संदेशद्रव्य सोडलं. एका पेशीत कॅल्शियम उसळलं, मग शेजारणीत, मग तिच्या शेजारणीत. वेग सेकंदाला जेमतेम 20 मायक्रोमीटरच्या आसपास. बदलापूरच्या फलाटावर लोकल रद्द झाल्याची खबर घोषणेआधीच माणसामाणसांतून सरकत जाते, तशी ही लाट.

ही उसळी येते ती अशी: ग्लुटामेट पेशीच्या पडद्यावरच्या ग्राहीला चिकटतं, आत आयपी-3 नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि तो पेशीतल्या साठ्याची दारं उघडतो. बाहेर पडलेलं कॅल्शियम आणखी दारं उघडतं. मग पंप ते परत आत ओढतात.

पण बशी म्हणजे मेंदू नव्हे. ग्लुटामेटची ती मुख्य ग्राही उंदरांच्या पिल्लांच्या तारकापेशींत भरपूर असते, प्रौढ मेंदूत जवळजवळ नाहीशी होते, असं 2013 मध्ये दिसलं. जिवंत उंदीर अचानक धावू लागला की त्याच्या तारकापेशी उजळतात, त्यामागे असतं नॉरॲड्रेनलिन हे दुसरंच संदेशद्रव्य.

या कुळाची एक शाखा पुण्यात आहे. सुहिता नाडकर्णी यांनी पीटर युंग यांच्यासोबत 2003 मध्ये एक गणिती प्रतिमान मांडलं: तारकापेशीवर ग्राही वाजवीपेक्षा जास्त झाल्या, तर शेजारची चेतापेशी बाहेरून काही न मिळताही आपोआप धडधडू लागते. अपस्माराचं हे एक कारण असू शकतं, असा त्यांचा तर्क. पुढे पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतही त्यांचं काम गणितातूनच चालू राहिलं. तारकापेशीच्या सर्वांत बारीक फांद्या साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. तिथलं कॅल्शियम आधी आकड्यांतच पाहावं लागतं.