रुईचा उतारा, शिफारस आणि सायटेशन

वऱ्हाडात संशोधनाचे पहिले मोजमाप कापसात झाले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि पुढच्या काही वर्षांत अकोल्याला सरकारी प्रक्षेत्र उभे राहिले. तिथल्या संशोधकाला विचारायचे प्रश्न मोजकेच होते: वाण एकरी किती पिकतो, सरकी काढल्यावर रुई किती उरते आणि धागा किती लांब निघतो. कृषी खात्याचे क्लाउस्टन यांनी ज्याचा प्रसार केला तो 'रोझियम' कापूस आखूड आणि भरड धाग्याचा होता, मात्र त्याच्या रुईचा उतारा शेकडा चाळिसाच्या आसपास पडे. शेतकऱ्याला तो पसंत पडला, गिरण्यांना पडला नाही. ज्याच्या हाती माप, त्याच्या मनासारखा निकाल, ही संशोधनाच्या मोजमापातली अडचण तेव्हापासूनची आहे.

१९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती नेमली गेली आणि १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला तिची तंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. वऱ्हाडातल्या 'वेरम'सारख्या सुधारित वाणांचे नमुने तिथे जात, त्यांचे सूत कातले जाई आणि ते किती काउंटपर्यंत, म्हणजे किती बारीक होईपर्यंत, टिकते हे अहवालात छापून येई. संशोधकाचे काम असे दुसऱ्याच्या चातीवर तपासले जात होते. त्याने किती लेख लिहिले, हे फारसे कोणी विचारत नसे.

लेख मोजण्याची रीत आली ग्रंथालयांतून. १९२७ मध्ये अमेरिकेत ग्रॉस व ग्रॉस यांनी रसायनशास्त्राच्या एका नियतकालिकातले संदर्भ मोजले. कॉलेजच्या ग्रंथालयाने कोणती नियतकालिके घ्यावीत, एवढेच त्यांना ठरवायचे होते. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित काढला आणि कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे शोधता येऊ लागले. त्यातूनच इम्पॅक्ट फॅक्टर निघाला. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या, असा त्याचा हिशेब असतो. हे माप नियतकालिकाचे होते, पण पुढे ते सर्रास माणसाला लावले गेले. माणसासाठीचे माप २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी दिले: प्रत्येकी किमान दहा सायटेशन्स असलेले दहा लेख असतील, तर एच-इंडेक्स दहा.

अकोल्याला २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. विद्यापीठाचे स्वतःचे रिसर्च जर्नल निघू लागले, तरी संशोधकाची खरी परीक्षा होती ती शिफारशीची. आजही वाण आधी केंद्रावरच्या चाचण्यांत उतरतो, मग अनेक ठिकाणच्या आणि पुढे समन्वित प्रकल्पाच्या चाचण्यांत. त्यानंतर राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या, म्हणजे ॲग्रेस्कोच्या, बैठकीत प्रस्ताव मांडावा लागतो आणि तिथे राहुरी, परभणी, दापोली या इतर तीन विद्यापीठांचे लोक आकडे उलटेपालटे करून विचारतात. मान्यता मिळाली की शिफारस, आणि बियाणे कायद्याखाली राजपत्रात अधिसूचना. 'एकेएच-०८१' आणि 'एकेए-७' या नावांतला 'एके' अकोल्याचा, 'एच' अमेरिकन हिरसुटमचा, 'ए' देशी अर्बोरियमचा. पैदासकाराचे नाव त्यात कुठेच नाही. हरभऱ्याचा 'जाकी-९२१८' पेरणाऱ्यालाही ते सहसा ठाऊक नसते. शेतकरी पेरतो, शेजाऱ्याला सांगतो. त्याची सायटेशन म्हणून कुठे नोंद होत नाही.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झाले. तिथल्या आणि संलग्न महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे काम आकड्यांत बांधले गेले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या एपीआय या गुणांकन पद्धतीने. परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या लेखाला १५ गुण, न होणाऱ्या पण आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातल्या लेखाला १०. कॅस या पदोन्नती योजनेखाली बढतीची फाइल याच गुणांवर चालू लागली. आयएसएसएन ही केवळ नोंदणीची संख्या असते, दर्जाची खूण नसते. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक देशभर आले. २०१७ मध्ये आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी काढली. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि मोठ्या सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे एका फटक्यात गळाली. २०१९ मध्ये पुण्याच्या विद्यापीठात कक्ष ठेवून केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली.

कृषी विद्यापीठांत वेगळे नाणे चालते. दिल्लीची राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना नास रेटिंग देते: इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर सहा अधिक तो आकडा, नसेल तर सहाच्या आत. निवडीच्या अर्जात हे रेटिंग लेखागणिक लिहावे लागते. देशी नियतकालिकांनाही त्यात जागा आहे, हा या पद्धतीचा मोठा गुण म्हणायला हवा. तरीही रेटिंग नियतकालिकालाच मिळते, लेखाला मिळत नाही.

सायटेशन मोजले तरी तिढा सुटत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यात पसरलेल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यावरचा अभ्यास घ्या. जमीन चोपण, विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या अभ्यासाचे मोल मोठे. पण जगात असा प्रश्न घेऊन बसलेले संशोधक थोडे, म्हणून आधार घेणारेही थोडे. नॅनोकणांवरच्या लेखाला याच्या कितीतरी पट सायटेशन्स सहज मिळतात, कारण त्या विषयात लिहिणारेच जगभर हजारोंनी आहेत. मराठीतल्या शेतीविषयक लिखाणाची तर स्कोपससारख्या सूचीत गणतीच नाही. एकट्या इम्पॅक्ट फॅक्टरवर माणूस तोलू नये, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपण्याचे तत्त्व मांडले. वऱ्हाडाला हे दुसरे तत्त्व अधिक लागू पडते.

अकोल्यातल्या कृषी संशोधकाला आज दोन्ही वह्या सांभाळाव्या लागतात. एकीत ॲग्रेस्कोच्या शिफारशी आणि अधिसूचित वाण येतात, दुसरीत रेटिंग, एच-इंडेक्स आणि सायटेशन्स. विद्यापीठाच्या शिवारफेरीत शेतकरी प्रात्यक्षिकाच्या ओळींतून फिरतात, बोंडे मोजतात, बियाणे कधी मिळेल ते विचारतात. या विचारणेला गुणपत्रकात रकाना नाही.