मुदत आणि ताबा

कोंडाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या वरच्या अंगाच्या दाट रानात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरली गेली. आणि ज्यांनी ती कोरली त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी घरेच होती, हे चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरील सज्जे, जाळ्या, कठडे आणि त्यांच्या आसऱ्याने नाचणारी युगुले पाहिली म्हणजे सहज ध्यानात येते. कान्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढे सांगणारा ब्राह्मी लेख तेथे आहे. कातळ फोडून विहार पुरा होईपर्यंत पावसाळ्यामागून पावसाळे गेले असतील. परंतु त्यात राहणाऱ्या भिक्षूंनी निवाऱ्याचे मोल आगाऊ मोजलेले नव्हते, आणि ज्याने मोल मोजलेले नाही त्याला विलंबाची झळ लागत नाही. घर उशिरा मिळण्याचे दुःख पैसा आधी आणि ताबा नंतर या रीतीतून जन्मलेले आहे, म्हणून त्याचा इतिहास म्हणजे ‘या मधल्या काळाचा भार कोणी वाहिला’ या एका प्रश्नाचा इतिहास होय.

लेण्यांच्या आसपासच्या कर्जत-खालापूरच्या जुन्या गावांत घर विकत घेण्याचा प्रकार क्वचितच असे. घर बांधले जाई, आणि तेही सवडीने. एका उन्हाळ्यात जोते घालावे, ते पावसाळ्यात मुरू द्यावे, पुढल्या वर्षी भिंती उचलाव्यात, लाकूड जमेल तसे आढे चढवावे, आणि पडवी काढण्यास पुढे कधी भाताचे पीक साधेल त्या वर्षाची वाट पाहावी, अशा बेताने चाललेल्या कामात विलंब हा अपघात नसून योजनेचाच भाग असे. ठाकर आदिवासींच्या कारवीच्या कुडाच्या घरांना तर एवढीही सवड लागत नसे. घर रखडले तरी ते घरधन्याच्या हाताने रखडे, आणि तोवर जुन्या छपराखाली निजण्याची सोय असे.

दुसऱ्याच्या पैशावर चाललेल्या आणि मुदतीत न झालेल्या मोठ्या कामाचे पहिले दर्शन या मुलखाला बोरघाटाच्या लोहमार्गाने घडविले. १८५६ साली सुरू झालेले ते काम विल्यम फॅविएल नावाच्या कंत्राटदाराने १८५९ मध्ये अर्धवट सोडले; त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच मरण पावला; त्याची विधवा अ‍ॅलिस हिने कंत्राट चालू ठेवले, आणि १८६३ साली गाड्या घाट चढू लागल्या. या दीर्घ कालावधीत रोगराईने मजूर मेले, कामे पुन्हा करावी लागली, परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या भागधारकांचे व्याज मात्र चुकले नाही, कारण शेकडा पाच टक्क्यांची हमी सरकारने घेतली होती आणि तिचा बोजा अखेर हिंदुस्थानच्या महसुलावर पडत होता. विलंब कसा सोसावा हे शिकावयाचे तर या भागधारकांपासून शिकावे. फक्त अशी हमी घर घेणाऱ्याच्या वाट्याला पुढची शंभर वर्षे आली नाही.

लोहमार्गाने कर्जत मुंबईला जोडले, आणि कालांतराने मुंबईकरांची दृष्टी येथील जमिनीवर स्थिरावली. येथे येणारे गिऱ्हाईक ज्याला साधा उशीर समजते त्याचे मूळ पुष्कळदा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्यास मालकी दिली, पण ती जमीन विकण्यावर कलम ४३ चे बंधन ठेवले. शेतजमीन बिनशेतकऱ्याने परवानगीवाचून घेऊ नये असे कलम ६३ सांगते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून १९६६ च्या महसूल संहितेत ३६ आणि ३६-अ ही कलमे आहेत, तर बिनशेतीची परवानगी त्याच संहितेच्या कलम ४४ खाली येते. त्यावर माथेरानच्या परिसराला ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविले. तलाठ्याच्या दप्तरापासून मंत्रालयापर्यंत फिरणाऱ्या या कागदांना लोक शिव्या देतात. मला तसे करवत नाही. यांतील प्रत्येक बंधन कोणा दुर्बळाच्या किंवा डोंगराच्या रक्षणासाठी घातलेले आहे. दोष आहे तो ही बंधने उलगडण्याआधीच इसार घेऊन चावीचा महिना सांगणाऱ्याचा, आणि काही अंशी, साठेखत म्हणजेच खरेदीखत अशा समजुतीने निश्चिंत होणाऱ्याचाही.

खुद्द मुंबईत या दुखण्यावर पहिला तोडगा काढला तो मध्यमवर्गाने, एकत्र येऊन. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली. तेथे बांधणारा आणि राहणारा एकच असल्यामुळे उशीर झालाच तर तो सर्वांनी वाटून घ्यावयाचा होता. पुढे युद्धकाळची टंचाई आली, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाड्यासाठी चाळी बांधणे परवडेनासे झाले, आणि ‘ओनरशिप’चे सदनिकायुग अवतरले. त्याबरोबर आलेल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी २० मे १९६० च्या ठरावाने सरकारने एक समिती नेमली, आणि तिच्या अहवालातून १९६३ चा सदनिका मालकी अधिनियम निघाला. आजचे वाचक विस्मरतात, परंतु रक्कम स्वीकारण्यापूर्वी लेखी करार, त्याची नोंदणी, ताब्याची तारीख, आणि ती न पाळल्यास शेकडा नऊ टक्के साध्या व्याजासह परतफेड, हे सारे त्या कायद्यात होते. नव्हता तो तगादा लावणारा अधिकारी. नऊ टक्के मिळविण्यासाठी कोर्टाची पायरी चढून वकिलाची फी भरणे ज्याला शक्य, त्याला मुळात पहिल्या घराची एवढी निकड नसते.

ही उणीव भरून निघण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. २०१६ चा केंद्रीय स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि त्याच मुहूर्तावर महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाचे काम सुरू झाले. गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्याच बांधकामाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे विकासकावर बंधनकारक झाले. आणि कलम १८ अन्वये मुदत टळली तर पैसे सव्याज परत मागण्याची, किंवा घर न सोडता ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचे व्याज मागण्याची मुभा घर घेणाऱ्यास मिळाली. हा दुसरा पर्याय मला अधिक मोलाचा वाटतो. कर्जाचा हप्ता आणि राहत्या खोलीचे भाडे अशी दुहेरी ओढ सोसणाऱ्या डोंबिवलीच्या वा बदलापूरच्या कुटुंबाला परत आलेल्या पैशांत पुन्हा तेवढेच घर कोठून मिळावयाचे? या सवलतीचा लाभ ज्यांनी घेतला त्यांच्या हाती नोंदणीकृत करार आणि भरलेल्या रकमांच्या पावत्या होत्या, आणि पुष्कळदा त्याच इमारतीतील इतर गिऱ्हाइके सोबतीला होती. तोंडी वायद्यावर विसंबलेल्यांच्या हाती फारसे लागले नाही.

सार्वजनिक कामांच्या विलंबावर मात्र कोठलेच व्याज आकारता येत नाही. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग २०१६ साली मंजूर झाला, २०१३ मध्ये सिडकोकडे सोपविलेल्या ‘नैना’ या नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे नकाशे वर्षानुवर्षे घोळत राहिले, आणि कोंडाण्याजवळ उल्हासवर योजलेले धरण चौकशीच्या फेऱ्यात अडकून शेवटी सिडकोकडे आले. गृहसंकुलांच्या जाहिरातींत मात्र गाडी केव्हाच धावू लागली होती.

याहून दीर्घ प्रतीक्षा कर्जत तालुक्याच्या दाराशी येऊन ठेपली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याचे धोरण पुढे ठरले, आणि सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. त्यानंतर २०१६ आणि २०२० च्या सोडती धरूनही एकूण आकडा सोळा हजारांच्या आतच राहिला. पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत डिसेंबर २०१६ मध्ये झाली. पुढे त्या रिकाम्या इमारतींत करोनाचे विलगीकरण केंद्र झाले, आणि यशस्वी ठरलेल्या कामगारांना चाव्यांसाठी वर्षांमागून वर्षे थांबावे लागले. मार्च २०२४ मध्ये शासनाने कर्जत तालुक्यातील शेलू आणि शेजारच्या वांगणी येथे मिळून ८१,००० घरांच्या योजनेस मान्यता दिली, तेव्हा अनेक कामगार संघटनांनी तिला विरोध केला: ज्या शहरात यंत्रे चालविली त्याच शहरात घर हवे. अर्जदारांपैकी कित्येक निवर्तले असून आता त्यांची मुले, नातवंडे वारसनोंदीचे कागद घेऊन फिरत आहेत. विलंबाचा कायदा त्यांच्या उपयोगी पडत नाही, कारण तो करारातील तारखेपासून मोजू लागतो, आणि यांचा करार कोणाशीच झालेला नाही.

आणि ज्या कातकरी आदिवासींनी दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत या भागातील वीटभट्ट्यांवर विटा पाडल्या, त्यांच्या कितीतरी वाड्या अजून खाजगी मालकीच्या जमिनीवर आहेत. जमिनीचे भाव चढले तसे त्यांना उठविण्याचे प्रयत्न झाले. वाडीला गावठाण म्हणून मान्यता मिळावी यासाठीच्या दरखास्ती पडून राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या जनमन योजनेत कातकऱ्यांना पक्की घरे देण्याची तरतूद आहे. ते घर उभे करण्यासाठी, सर्वांत आधी, पायाखालची जागा त्यांच्या नावे सातबाऱ्यावर चढावी लागते.